विश्लेषण : धरणाला पडणारी भेग संगणकाला आधी कळते का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर भूकंपाने हादरला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण टिकले, पण त्याच्या काही भागांना आडव्या भेगा पडल्या. धक्क्यांची नोंद धरणातच बसवलेल्या यंत्राने केली होती. धक्का कसा होता आणि भेगा कुठे पडल्या, हे दोन्ही ठाऊक असल्याने जगभरातील संशोधक काँक्रीट तडकण्याची संगणकीय प्रारूपे आजही कोयनेवर पारखून पाहतात.

भेग पुढे का सरकते?

काच कापणारा कारागीर काचेवर फक्त ओरखडा ओढतो. हलका दाब दिला की काच त्याच रेषेत तुटते, कारण ताण ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये याचा हिशेब मांडला. भेग वाढताना पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग तयार होण्यासाठी ऊर्जा खर्च होते. मोकळी झालेली ऊर्जा या खर्चाला पुरली, की भेग पुढे जाते.

संगणक काय करतो?

तो धरणाचे हजारो लहान तुकड्यांचे जाळे कल्पून प्रत्येक तुकड्यावरील ताण क्षणाक्षणाला मोजतो. कोयनेच्या प्रारूपांत भेग बहुधा धरणाच्या खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे सुरू होते. प्रत्यक्षातही बहुतेक भेगा त्याच पातळीच्या आसपास होत्या. मात्र भेग किती खोल जाते, याचे उत्तर पद्धतीनुसार बदलते. ऊर्जेचा हिशेब नीट सांभाळला नाही, तर नुसते जाळे बारीक केल्यानेही निकाल पालटतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

मोजमापावर. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार मोठ्या धरणांचे पहिले सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत व्हायला हवे. त्या अहवालात संगणकाचे रंगीत चित्र असेल, तर त्यासोबत तीन उत्तरेही हवीत. काँक्रीटची ताकद धरणातून नमुने काढून तपासली, की कागदावरून घेतली? जाळे बदलूनही निकाल तोच आला का? आणि प्रारूपातील भेगा धरणावरील खऱ्या भेगांशी जुळल्या का?

ही उत्तरे सोप्या मराठीत जाहीर व्हायला हवीत. कारण हिशेब चुकला, तर त्याची किंमत धरणाखालच्या गावांना मोजावी लागेल. कोयना जगाला उपयोगी पडली ती तिथे नोंदी होत्या म्हणून. इतर धरणांच्या नोंदी ठेवण्यासाठी भूकंपाची वाट पाहायची गरज नाही.