सहश्रवणाचा हिशेब

जगातील उत्तमोत्तम संगीत घरबसल्या जवळजवळ फुकट ऐकू येत असताना माणसांनी तिकीट काढून, गर्दीत अवघडून बसून ते का ऐकावे, असा प्रश्न हिशेबी माणसास पडणे स्वाभाविक आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर तो टाळता येण्याजोगा नाही.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहून या प्रश्नाची अवघड बाजू उघड केली. यंत्रामुळे गिरणी कामगाराचे ताशी उत्पादन कैक पटींनी वाढले. परंतु चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवण्यास दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे व जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. (ख्याल द्रुत लयीत उरकल्याने गवयाची उत्पादकता वाढली, असे कोणी म्हणणार नाही!) कलावंताचा मोबदला मात्र इतरांच्या वेतनाबरोबर वाढवावाच लागतो. म्हणजे प्रत्यक्ष मैफल उत्तरोत्तर महागच होत जाणार आणि तिचा भार कोणी तरी उचलल्याखेरीज सामान्य पगारदाराला ती परवडणार नाही.

युरोपात हा भार दीर्घकाळ चर्चने वाहिला. उंच, घुमणारी वास्तू, ऑर्गन आणि शिकवून तयार केलेले गायकवृंद हे सारे उपासनेसाठी मुळातच पोसलेले असल्यामुळे संगीतसभेचा वाढीव खर्च अल्प राही. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये हँडेलच्या ‘मसाया’चा पहिला प्रयोग झाला, तो एका संगीतगृहात, पण गायक आले ते शहरातील दोन कॅथीड्रलांतून. उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी होते. अधिक श्रोते मावावेत म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांचे सांगाडे व पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती आधीच करण्यात आली होती. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपाने कीर्तनासाठी हेच काम केले. जुन्या गोव्यातील माँतच्या टेकडीवरील चॅपेलात तर पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी, दोन्ही संगीताच्या सभा झाल्या आहेत.

पण एवढा भार उचलावा कशासाठी? करोनाच्या साथीने या प्रश्नावर एक क्रूर प्रयोगच करून दाखवला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका चर्चमध्ये गायकवृंदाच्या तालमीस ६१ जण जमले; त्यांपैकी ५३ जणांना बाधा झाल्याचे निश्चित वा संभाव्य ठरले आणि दोघे दगावले. एकत्र येण्याची किंमत इतकी जबर असू शकते. आषाढी वारीच्या पादुकाही २०२० व २०२१ साली बसने पंढरपुरास गेल्या. महापूजा लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. प्रक्षेपण हा खरोखर पर्याय असता, तर २०२२ साली वाट मोकळीच राहायला हवी होती. ती पुन्हा दिंड्यांनी भरून गेली. ग्राहकाची पसंती त्याच्या बोलण्यावरून नव्हे, वागण्यावरून ओळखावी, असे आमचे शास्त्र सांगते; त्या कसोटीवर याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

वस्तुतः मैफलीत श्रोता हा निव्वळ ग्राहक नसतोच. त्याची दाद आणि त्याची शांतता यांवर गायकाची पुढची जागा ठरते. तो उत्पादनातील भागीदार असतो. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा श्वास समेपूर्वी आपल्याबरोबरच रोखला जातो, हा अनुभव एकट्याला विकत घेता येत नाही.

म्हणूनच सार्वजनिक सभागृह स्वतःचा खर्च स्वतः भागवते की नाही, एवढ्यावरच त्याचे भाडे ठरू नये. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात खुर्चीचे दर चढे आणि भारतीय बैठकीचे बेताचे, अशी रीत रूढ आहे. खुर्चीवाला बैठकीवाल्याचा थोडा भार उचलतो आणि दोघांनाही गाणे तेच ऐकू येते. भाडेवाढीचा ठराव मांडणाऱ्या प्रत्येक समितीने, वाढीनंतर सतरंजीवरच्या माणसाला तिकीट कितीला पडेल, तो आकडा ठरावासोबत जोडावा.