मंत्रालय छोटे, कामाचा डोंगर मोठा : संसदीय समितीचे अहवाल आपण का वाचायचे?

दरवर्षी 1 फेब्रुवारीला बजेट येते आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच आकडा फिरू लागतो : अल्पसंख्याक मंत्रालयाला किती कोटी मिळाले? 2025-26 साठी तो आकडा 3350 कोटी होता. आधीच्या वर्षी 3183 कोटी होते, म्हणजे वाढ झाली, असे काहींनी म्हटले. 2022-23 मध्ये 5020 कोटी होते, म्हणजे कपात झाली, असे दुसऱ्यांनी म्हटले. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. पण 2024-25 च्या त्या 3183 कोटींचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही. वर्ष संपायच्या आतच सुधारित अंदाजात ते 1868 कोटींवर आणले गेले. 2022-23 चे 5020 कोटीसुद्धा असेच 2612 कोटींवर आले होते. म्हणजे रक्कम जाहीर होते आणि वर्षाच्या मधेच गुपचूप अर्ध्यावर येते. असे का होते, हे विचारायचे कोणी?

लोकसभेने विचारायचे, हे खरे. पण लोकसभेत फार थोड्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होते. ठरलेली वेळ संपली की अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदमच मताला टाकतात आणि त्या चर्चेविना मंजूर होतात. संसदेच्या भाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. संरक्षण, रेल्वे, शेती यांना कधी तरी वेळ मिळतो. छोट्या मंत्रालयाच्या नशिबी बहुतेक वेळा गिलोटिनच.

म्हणून खरी झाडाझडती होते ती स्थायी समितीत. अशा 24 समित्या आहेत. प्रत्येकीत 31 खासदार, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, सर्व पक्षांचे. अल्पसंख्याक मंत्रालय सामाजिक न्याय व सक्षमीकरणाच्या समितीकडे येते. बजेटनंतर ही समिती मंत्रालयाला लेखी प्रश्नावली पाठवते, मग सचिव आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारणा करते. मंत्र्यांना बोलावता येत नाही. बैठक बंद दाराआड होते, पण अहवाल दोन्ही सभागृहांत मांडला जातो आणि कोणालाही वाचता येतो. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, कोणत्या योजनेचा पैसा का पडून राहिला, असल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नांची जागा तीच. आम्हाला विचाराल तर भाषणांपेक्षा हे प्रश्न जास्त कामाचे.

का ते बघू. हे मंत्रालय 29 जानेवारी 2006 ला सामाजिक न्याय मंत्रालयातून वेगळे निघाले. पहिले मंत्री आपल्या रायगडचे बॅ. ए. आर. अंतुले. वीस वर्षे होत आली, तरी जिल्ह्याजिल्ह्यात या मंत्रालयाचा स्वतःचा माणूस नाही. दिल्लीत धोरण ठरते, पैसा ठरतो. पण अर्ज तपासायचा तो शाळेच्या नोडल अधिकाऱ्याने आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने. शाळेतला नोडल अधिकारी म्हणजे बहुधा एखादे शिक्षक किंवा क्लार्क. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे आणखी चार कामे असतात.

तपासणीची ही साखळी किती कच्ची आहे, ते 2023 मध्ये दिसले. मंत्रालयाने करून घेतलेल्या पाहणीत 1572 संस्थांपैकी 830 बोगस किंवा बंद निघाल्या. 144 कोटींहून जास्त नुकसान झाले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. गुन्हेगारांना सजा व्हायलाच पाहिजे, यात दुमत नाही. गरीब मुलाची अमानत खाणारा आपला असो की परका, तो चोरच. पण त्यानंतर काय झाले? बोटांच्या ठशांची पडताळणी आली, नियम कडक झाले, आणि ते राबवायला लागणारी माणसे मात्र तीच राहिली. चोराने खाल्ले आणि हेलपाटे पडले प्रामाणिक पालकांना.

प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. 2022-23 मध्ये तिला 1425 कोटी ठेवले होते. पुढच्या वर्षी 433, मग 326, आणि 2025-26 मध्ये 195 कोटी. मधल्या काळात पहिली ते आठवीची मुले योजनेतून वगळली गेली. शिक्षण हक्क कायद्याने त्यांचे शिक्षण मोफतच आहे, असे कारण दिले गेले. वह्या, दप्तर, रिक्षाचे भाडे मोफत नसते, हे कोणत्याही आईला विचारा. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख ठेवलेली, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाही. ज्यांच्या घरी एवढ्यात भागवावे लागते, त्यांच्या पोरीचे नववीचे नाव टिकते की कटते, ते या पैशावर ठरते.

इकडे कामे मात्र वाढत गेली. 1 ऑक्टोबर 2016 पासून हजचे काम परराष्ट्र मंत्रालयाकडून याच मंत्रालयाकडे आले. 6 जून 2025 ला उमीद पोर्टल उघडले आणि देशभरातल्या वक्फ मालमत्तांची माहिती सहा महिन्यांत भरायची, असे सांगितले गेले. मुतवल्लींनी कागद शोधायचे, राज्याच्या वक्फ मंडळाने तपासायचे. आपल्या मंडळाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला आहे. तिथे तपासायला किती माणसे आहेत, हा प्रश्न मुदत ठरवण्याआधी विचारायला हवा होता.

ज्या संस्थांनी लक्ष ठेवायचे, त्यांचीही तीच गत. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगात कायद्याने अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि पाच सदस्य असायला हवेत. एप्रिल 2025 मध्ये अध्यक्षांची मुदत संपली आणि त्यानंतर महिनोन्महिने सगळ्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. प्रकरण दिल्ली हायकोर्टात न्यावे लागले. 1989 पासूनचे मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन तर फेब्रुवारी 2024 च्या आदेशाने बंदच करण्यात आले.

समितीच्या हातात काठी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण तीन महिन्यांत उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरांवर समिती पुन्हा ‘कार्यवाही अहवाल’ काढते. हा दुसरा अहवाल आपल्यात कोणी उघडतही नाही. त्यातले चौथे प्रकरण आधी वाचा. समितीला न पटलेली सरकारी उत्तरे तिथे असतात. पाचव्यात ‘विचाराधीन आहे’ छापाची अर्धवट उत्तरे असतात. शिष्यवृत्ती योजना पुढे चालू ठेवायची मंजुरी बाकी आहे, हे असेच एक उत्तर. ते ऐकता ऐकता मुले दहावी पास होऊन गेली.

आपले खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना अतारांकित प्रश्न टाकता येतो. 15 दिवसांची नोटीस लागते, उत्तर लेखी मिळते आणि लोकसभेच्या वेबसाइटवर राहते. आपल्या मशिदीच्या कमिटीने, शाळेच्या ट्रस्टने किंवा चार पालकांनी मिळून एका पानावर एवढेच लिहून द्यावे : मंत्रालयात आणि त्याच्या संस्थांत मंजूर पदे किती, आज रिकामी किती आणि कधीपासून? महाराष्ट्रातून गेल्या तीन वर्षांत शिष्यवृत्तीचे अर्ज किती आले, शाळेच्या पातळीवर किती अडकले, जिल्ह्याच्या पातळीवर किती? पुढचे अधिवेशन सुरू व्हायच्या आधी ते पान खासदारांच्या कार्यालयात पोचले पाहिजे, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.