अहमदाबाद 2030 आणि आपल्या पोरी

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरलीय. आपल्या विसरवाडीतून सुरतेकडे निघालं की नवापूर ओलांडताच गुजरात लागतं. ऊसतोडीला आपली माणसं दरवर्षी त्याच वाटेने जातात. एखादी पोरगी कधी त्या वाटेने खेळायला जाईल का?

त्या स्पर्धेत लॉन बॉल्सही आहे. नाव ऐकून हसू नका. गवताच्या सपाट पट्टीवर एक छोटा पांढरा चेंडू ठेवायचा आणि साधारण दीड किलोचा गोळा घरंगळत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. गंमत अशी की गोळा एका अंगाला जरा वेगळा घडवलेला असतो, त्यामुळे तो सरळ जातच नाही, वळतो. ताकदीपेक्षा नजर आणि हाताचा अंदाज लागतो. आंब्यावर दगड मारणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळं शिकवायला नको!

रांचीची रूपा राणी तिर्की ही आदिवासी मुलगी आधी कबड्डी खेळायची. आपल्या आश्रमशाळांत खेळतात तीच कबड्डी. मग ती लॉन बॉल्सकडे वळली. 2010 ला दिल्ली, 2014 ला ग्लासगो, 2018 ला गोल्ड कोस्ट. तिन्ही वेळा पदक नाही. 2022 ला बर्मिंगहॅमला लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा अशा चौघींनी उपांत्य फेरीत न्यूझीलंडला 16-13 आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवलं. या खेळातलं भारताचं ते पहिलंच राष्ट्रकुल पदक, आणि तेही सोन्याचं.

टीव्हीवर आपल्याला सोनं दिसलं. त्याआधीची रिकाम्या हाताची 12 वर्षं कोणी पाहिली?

ती वर्षं निव्वळ जिद्दीवर निघाली असं म्हणणं सोपं आहे. पण 2011 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने रांचीत या खेळाचं मैदान झालं होतं. आणि चौघींनाही पोटापाण्याचा आधार होता. रूपा झारखंडात क्रीडा अधिकारी, लव्हली पोलीस, नयनमोनी आसामच्या वन खात्यात, पिंकी दिल्लीत शाळेत क्रीडाशिक्षिका. जिद्द त्यांची होतीच, पण तिला टेकायला जागा मिळाली.

आपल्याकडे जिद्द कमी आहे का? नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 ला दिल्लीत दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेऊन आली. आपण तिच्या अनवाणी धावण्याच्या गोष्टी अजून भाषणांत सांगतो. अनवाणी धावण्याचं कौतुक पुरे झालं आता, बूट द्या!

कोणी म्हणेल, आधी पाणी, रस्ते, दवाखाना बघा. बरोबर आहे. विसरवाडीत गवताची महागडी पट्टी करा असं मी म्हणतच नाही. माझं मागणं साधं आहे. प्रत्येक आश्रमशाळेला दगड वेचलेलं सपाट मैदान. खेळ शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक, ज्याला इतर कामांना जुंपणार नाहीत. जिल्ह्याला, राज्याला खेळायला जाणाऱ्या पोरीला प्रवासखर्च आणि पोटभर खाणं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, ते आठवीतल्या पोरीच्या आईबापाला आत्ताच समजावून सांगा. म्हणजे ते तिला खेळातून काढून ऊसतोडीला नेताना दोनदा विचार करतील.

आज सुरुवात केली तरी 2030 ला आपलं पदक येणार नाही, हे मलाही कळतं. रूपाला 12 वर्षं लागली. पण आदिवासी विकास विभागाने तेव्हा आपल्या तालुक्यातल्या पोरींची एक बस भरून अहमदाबादला सामने दाखवायला न्यावी. एवढं तर जमेल ना?

लोकप्रतिनिधींना टॅग करा. आणि आपल्या गावच्या शाळेच्या मैदानाचा आजचा फोटो खाली टाका. मग बोलू पदकाचं.