रिपोर्टमधले शब्द

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एका विद्यार्थिनीची अम्मी माझ्यासाठी थांबली होती. हातात दवाखान्याचा केसपेपर. "आपा, एवढं वाचून सांगा," म्हणाली. नवरा दोन वर्षांपासून कुवेतला. केसपेपरवर लिहिले होते, 'युटेरस १४ वीक्स साइझ'. नववीतल्या पुतण्याने घरात मोठ्याने अर्थ लावला, 'गर्भाशय, १४ आठवडे'. त्या दिवसापासून सासू तिच्याशी बोलत नव्हती.

भगिनींनो, डॉक्टर पोट तपासून गर्भाशय किती वाढले आहे हे सांगताना गरोदरपणाच्या आठवड्यांचे माप वापरतात. १४ आठवड्यांच्या गरोदर बाईचे गर्भाशय जेवढे असते, तेवढे हे मोठे झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत बाळ आहे असा नाही. खाली सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कारणही होते : 'मल्टिपल फायब्रॉइड्स', म्हणजे गर्भाशयात एकाहून जास्त गाठी.

फायब्रॉइड, मायोमा, लिओमायोमा ही एकाच गाठीची नावे. ती गर्भाशयाच्या स्नायूंपासून बनते आणि कॅन्सरची नसते. अशा गाठीत कॅन्सर निघणे फार क्वचित. पुढचा शब्द जागा सांगतो. 'सबम्युकोसल' म्हणजे आतल्या अस्तराखाली, पोकळीकडे वाढणारी. ही लहान असली तरी रक्तस्राव जास्त होतो. 'इंट्राम्युरल' म्हणजे भिंतीत. 'सबसिरोसल' म्हणजे बाहेरच्या बाजूला. ही मोठी झाली की लघवीच्या पिशवीवर दाब येतो. 'बल्की युटेरस' म्हणजे फुगलेले गर्भाशय.

आता उपचार. गाठ आहे पण त्रास नाही, तर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवतात. पाळी बंद झाल्यावर गाठी सहसा आकसतात. रक्तस्राव कमी करण्याच्या गोळ्या असतात, पण त्यांनी गाठ जात नाही. 'मायोमेक्टॉमी'त फक्त गाठी काढतात, गर्भाशय राहते. 'हिस्टरेक्टॉमी' म्हणजे गर्भाशयच काढणे. त्यानंतर मूल होत नाही. संमतीपत्रावर 'बीएसओ' अशी अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशये आणि नळ्याही काढणार आहेत. चाळिशीत अंडाशये काढली की पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो. कधी तसे करणे गरजेचेही असते, पण सही करण्याआधी विचारा : माझी अंडाशये ठेवता येतील का? ऑपरेशनशिवाय दुसरा मार्ग आहे का?

हिमोग्लोबिनचा आकडाही पाहा. १२ च्या खाली गेला की रक्त कमी. पाळी लांबली की नमाज-रोज्याचा मसला आपण आलिमांना विचारतो. मग डॉक्टरांना विचारायला लाज कशाची? दम लागणे, चक्कर येणे, दर तासाला पॅड भिजणे हे 'बायकांचं असतंच' म्हणून सोडू नका. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर लगेच दाखवा.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि सासूला रिपोर्ट शब्द न् शब्द वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग सुनेला म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे मी येते तुझ्यासोबत."

पुतण्याचा दोष नव्हता. त्याने वाचले तेच सांगितले. म्हणून सांगते, रिपोर्ट आला की अर्थ घरात लावू नका. ज्यांनी लिहिला त्यांनाच विचारा.