मालवाहू गाडीलाच टोल का?

नवलाख उंबऱ्याहून माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याने विजेची गाडी घ्यावी काय? आमचे मत असे की, जवळच्या फेऱ्यांसाठी अवश्य घ्यावी. मुंबईसाठी मात्र दहादा विचार करावा. टाटांची विजेवरील 'एस' २०२२ साली आली, तेव्हा तिची भारक्षमता ६०० किलो आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. भरल्या गाडीला प्रत्यक्षात तो पल्ला कमीच पडणार. मुंबईची जाऊन-येऊन फेरी दोनशे किलोमीटरांहून अधिक, त्यात परतताना बोरघाटाचा चढ! पल्ला वाढवावा तर बॅटरी जड होते, आणि ते वजन मालातूनच वजा होते. तळेगाव-चाकणच्या रोजच्या फेऱ्यांत मात्र स्वस्त वीज जादा किमतीची हळूहळू भरपाई करते.

घाटापलीकडे जाणाऱ्याला वाटेत चार्जिंगसाठी खोळंबणे आलेच. ते नुकसान टोलमाफीने काहीसे भरून निघाले असते. परंतु द्रुतगती मार्गावर २०२५ साली विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना माफी देताना सरकारने मालवाहू गाड्या वगळल्या. सहलीच्या मोटारीला सूट आणि पोटासाठी धावणाऱ्या टेम्पोला भुर्दंड, हा न्याय उफराटा होय. सरकारने ही चूक विनाविलंब सुधारावी.