बुडालेल्या मजुरीचा पंचनामा

पिंपळे गुरव हे एके काळी पवनेकाठचे खेडे होते. आज ते पिंपरी-चिंचवडच्या कामगारांचे वसतिस्थान झाले आहे. येथील गल्ल्यांतून लातूर, बीड, धाराशिवकडची बोली पदोपदी कानी पडते. ही माणसे काय हौसेने गाव सोडून आली? शिवारात पाणी उरले नाही आणि हाताला काम उरले नाही, म्हणून यांतील कित्येकांनी बिऱ्हाड पाठीवर घेतले.

वाचकहो, अवर्षण ही निसर्गाची लहर आहे असे म्हणून मोकळे होण्याचे दिवस गेले. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणूनच पाऊस दडी मारतो, आणि येतो तेव्हा कोसळतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर 2025 मध्ये पुरांनी उभी पिके धुऊन नेली.

आपत्ती सर्वांवर येते. परंतु भरपाई सर्वांस मिळत नाही. पीकनुकसानीची मदत ठरते ती हेक्टरी, आणि आधार धरला जातो तो सातबाऱ्याचा. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही त्याचे काय बुडाले? कागदोपत्री काहीच नाही! वस्तुतः सोयाबीन वाहून गेले की काढणीची मजुरीही त्याच पाण्याबरोबर वाहून जाते. वकिलीच्या निमित्ताने भेटलेल्या एका भूमिहीन गृहस्थाने आम्हांस विचारले, "साहेब, माझ्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोण करणार?" आम्ही निरुत्तर झालो.

कायदा मजुराकडे पाहूच शकत नाही, असे मात्र नव्हे. 1972 च्या दुष्काळातील अनुभवानंतर याच महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क संविधानाच्या 14 व 21 या कलमांतून निघतो, असे सांगितले. माळढोकाच्या निमित्ताने उच्चारलेला हा हक्क भूमिहीनाच्या झोपडीपर्यंत कोण नेणार?

तो आपोआप जाणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. न्यायालयात तो हक्क टिकविण्यासाठी 1937 पर्यंत झगडावे लागले. 1959 साली दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांसाठी सत्याग्रहच करावा लागला. हक्क कागदावर येणे निराळे आणि पदरात पडणे निराळे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक गावाने शेतमजुरांची व बटाईदारांची नोंदवही ठेवावी. आपत्तीत बुडालेल्या कामाच्या दिवसांचा पंचनामा व्हावा. आणि ती भरपाई दया म्हणून नव्हे, तर कायद्याने मिळावी. शहरात आलेल्या बांधवांनो, गावच्या ग्रामसभेचा दिवस चुकवू नका. तेथे हा प्रश्न लेखी मांडा आणि त्याची पोच घ्या. पोच घेतलेला अर्ज हा हक्काचा पहिला पुरावा होय.