पाच दिवस कीटो, दोन दिवस बिर्याणी

हल्ली आमच्या नात्यागोत्यात एक नवीनच पंचांग निघाले आहे. सोमवार ते शुक्रवार भात, पोळी, भाकरी, डाळ सगळे वर्ज्य. पनीर, अंडी, लोणी आणि चीज चालते. शनिवार-रविवार मोकळीक, मग बिर्याणी काय, जिलबी काय, हवे ते खा. याला म्हणे 'सायक्लिक कीटो' म्हणतात. माझा एक भाचा, पंचेचाळिशीचा, दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसणारा, गेले चार महिने हे करतो आहे आणि भेटेल त्याला दीक्षा देतो आहे. परवा मला म्हणतो, "मावशी, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच तर करत आलात. उपास म्हणजे दुसरं काय?" त्याला जागच्या जागी उत्तर दिलेच; पण बाकीच्या पोरांनीही माना डोलावल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उपासाचे बघू. आपल्या उपासाच्या ताटात काय असते? साबुदाणा, वरी, रताळे, बटाटा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर नुसते पिष्ट. म्हणजे यांच्या हिशेबाने आपली एकादशी हा शनिवार झाला, सोमवार नव्हे! आणि आमच्या दिवाळे गावचे म्हणाल, तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोळ्याच्या घरी सुके बोंबील, जवळा आणि तांदळाची भाकरी. पुढे नारळी पौर्णिमेला नारळीभात. हंगामाप्रमाणे कालवण बदलते, तांदूळ हलत नाही. तेव्हा पूर्वजांना यात ओढू नका.

आता या कीटोचे मूळ. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी हा आहार सुचवला, तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. उपाशी राहिल्यावर झटके कमी होतात हे दिसले होते. जेवूनही शरीराला उपासासारखे चरबीवर चालवता येईल का, हा त्यांचा विचार. पुढे औषधे आली तसा तो मागे पडला, पण औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात लहान मुलांना तो आजही देतात. त्यात प्रत्येक घास ग्रॅमवर मोजलेला असतो, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मागे उभे असतात, आणि रविवारची सुट्टी नसते. ज्या घरात असे मूल आहे त्या आईला विचारा बिर्याणीच्या दिवसाबद्दल.

मग ही सुट्टी आली कुठून? ती आली व्यायामपटूंकडून. १९९० च्या दशकात मॉरो दि पास्क्वाले नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांनी (ते स्वतः वजन उचलणारे) पाच दिवस मांस-चरबी आणि दोन दिवस पिष्ट असा प्रकार शरीरसौष्ठववाल्यांना सांगितला. त्यांचे स्नायू आठवडाभर वजने उचलून रिकामे होतात, ते दोन दिवसांत भरायचे. तर्क आहे. पण आमच्या भाच्याचे काय रिकामे होते? लिफ्टने वर, लिफ्टने खाली.

मी मराठी आणि इतिहास शिकवला, पण आठवड्याची बेरीज मलाही येते. दोन दिवस मनसोक्त पिष्ट खाल्ले की शरीराला पुन्हा चरबीवर यायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. म्हणजे सोमवारी सुरुवात, बुध-गुरुवारी कुठे गाडी रुळावर, आणि शनिवारी पुन्हा घसरली. सातातले हाती उरले दोन-तीन दिवस. "पण मावशी, शुक्रवारी दोन किलो कमी असतात!" असणारच. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, चार-पाचशे ग्रॅम असते आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा संपला की पाणी गेले; सोमवारी काट्यावर परत हजर.

इथवर असते तर मी हसून सोडून दिले असते. पण भाच्याला मधुमेह आहे, आणि त्याच्या गोळ्यांत एक डापाग्लिफ्लोझिन आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. या गटातल्या औषधांवर रक्तात आम्ल साठण्याचा, म्हणजे कीटोॲसिडोसिसचा धोका असतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच दिला आहे. पिष्ट एकदम तोडले की तो धोका वाढतो. यातली दुष्ट गोष्ट अशी की तेव्हा यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, थकवा, धाप लागते आणि माणूस म्हणतो पित्त झाले. दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. ती घेऊन भात-पोळी बंद केली तर साखर घसरून घेरी येऊ शकते. रविवारी जिलबीवर साखर चढते ती वेगळीच. पाच दिवस एक शरीर आणि दोन दिवस दुसरे, पण गोळ्यांचा डोस सातही दिवस तोच! ज्या व्यायामशाळेत हा तक्ता मिळाला, तिथे गोळ्या कुठल्या हे कोणी विचारलेसुद्धा नाही. फी मात्र आगाऊ.

मी भाताची वकील नाही. २०२३ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचे सांगितले. आपल्या ताटात पिष्ट जास्त आणि प्रथिने कमी, हेही खरेच. मग भात निम्मा करा, मूठभर डाळ आणि माशाचा एक तुकडा वाढवा, आणि तेच शनिवारीही करा. २०१८ च्या सुमारास घरोघरी दीक्षित की दिवेकर असा वाद रंगायचा. दोघांचे सांगणे अगदी उलट, पण आठवड्यातून दोन दिवस शिस्तीला सुट्टी द्या असे त्यांतले कोणी सांगत नव्हते.

भाच्याला म्हटले, पुढच्या तपासणीला गोळ्यांची पाकिटे आणि हा आठवड्याचा तक्ता, दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. तर म्हणतो, "मावशी, ते लगेच बंद करायला सांगतील." म्हणजे उत्तर त्याला ठाऊक आहे!